कुत्र्याला गाडी लागते: लांबच्या प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांबचा प्रवास ठरला, की ज्यांच्या कुत्र्याला गाडी लागते त्यांच्या पोटात आधी गोळा येतो. उपाशी ठेवायचं का, गोळी द्यायची का, वाटेत किती वेळा थांबायचं, की त्याला सोबत न्यायचंच नाही? या सगळ्याची उत्तरं पुढे आहेत, पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. बहुतेक घरांत आधी कुत्र्याची गाडीची भीती घालवायचा खटाटोप होतो आणि मळमळ तशीच राहते. क्रम उलटा हवा. आधी मळमळ थांबवायची, मग भीतीकडे वळायचं. पोटात ढवळत असलेल्या जिवाला गाडी चांगली असते हे कितीही खाऊ दिला तरी पटत नाही.

गाडी लागते तेव्हा कुत्र्याच्या शरीरात नेमकं काय होतं?

माणसाला होतं तेच. कानाच्या अगदी आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. गाडी वळली की हा द्रव हलतो, वेग घेतला किंवा ब्रेक लागला की शेजारच्या पिशव्यांतले बारीक कण सरकतात आणि शरीर हलत असल्याचा निरोप मेंदूला जातो. त्याच वेळी डोळ्यांना मात्र समोरच्या सीटची पाठ दिसत असते आणि ती जागची हलत नसते. पाय म्हणतात, आपण तर बसलेलो आहोत. या निरोपांचा मेळ बसला नाही की मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवलं जातं. यात मूळ भूमिका कानाचीच आहे: ज्या कुत्र्यांच्या अंतःकर्णाचा हा भाग काम करत नाही, त्यांना गाडी लागतच नाही.

तेव्हा हा हट्ट नाही, वाईट सवय नाही आणि लाडावल्याचा परिणामही नाही. ओरडून किंवा ओढून गाडीत बसवल्याने कान सुधारणार नाही.

आमचा कुत्रा ओकत नाही, फक्त लाळ गळते. याला गाडी लागणं म्हणायचं का?

हो, नक्कीच. उलटी हा शेवटचा टप्पा असतो आणि कितीतरी कुत्रे तिथपर्यंत न पोचता तासन्‌तास मळमळ सोसत बसतात. सीट स्वच्छ राहिली म्हणून प्रवास चांगला झाला असं आपण समजतो, त्याचं त्यालाच माहीत.

मागच्या सीटवर कुणीतरी बसून नीट पाहिलं तर हळूहळू चढत जाणाऱ्या खुणा दिसतात. आधी तो गप्प होतो. मग जीभ वारंवार नाकाकडे जाते, ओठ चाटले जातात. झोप आलेली नसताना जांभया येतात. घशात काही अडकल्यासारखा तो सारखा आवंढा गिळतो. ओठांच्या कोपऱ्यातून आधी पातळ लाळ येते, मग तिच्या तारा लोंबायला लागतात आणि छातीवरचे केस चिकट होतात. काही कुत्रे कण्हतात, धापा टाकतात, जागा बदलत राहतात. काही याच्या उलट, मान खाली घालून पुतळ्यासारखे बसतात. असा शांत बसलेला कुत्रा लोकांना शहाणा वाटतो. माझ्या मते त्याच्याकडेच सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला हवं. यानंतर मान पुढे ताणली जाते, पोट आत-बाहेर उचंबळायला लागतं आणि काही क्षणांतच उलटी होते.

गाडी थांबवायची वेळ पोट उचंबळण्याची नाही, ओठ चाटण्याची आहे.

गाडी सुरू व्हायच्या आधीच तो थरथरतो. मग ही भीती आहे की मळमळ?

बहुधा मळमळीतून जन्मलेली भीती. पहिल्या काही प्रवासांत त्याला त्रास झाला आणि गाडी म्हणजे त्रास हे मनात पक्कं बसलं. इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांना जेवण समोर येण्याआधी, नुसत्या ठरलेल्या इशाऱ्यानेच लाळ सुटायची. इथे किल्लीचा आवाज किंवा गाडीच्या दाराचा वास तो इशारा होतो आणि इंजिन बंद असतानाच लाळ गळायला लागते.

फरक ओळखायची सोपी रीत आहे. कुत्र्याला उभ्या, बंद गाडीत आपल्यासोबत थोडा वेळ बसवा. तिथे तो आरामात असेल आणि चालत्या गाडीत काही वेळाने बिघडत असेल, तर मूळ दुखणं हालचालीचं. दार उघडताच शेपूट आत गेली, मागे सरकला, अंग ताठ झालं, तर भीतीही मुरलेली आहे. दोन्ही एकत्र असणं फार सामान्य आहे. पशुवैद्यांशी बोलताना हे निरीक्षण जरूर सांगा, कारण उलटीचं औषध वेगळं आणि घाबरटपणाचं वेगळं. चालत्या गाडीत तो कसा वागतो याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून दाखवलात तर आणखी चांगलं.

पिल्लू मोठं झालं की हे आपोआप थांबतं का?

बऱ्याच पिल्लांचं थांबतं. त्यांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पूर्ण तयार झालेली नसते, म्हणून मोठ्या कुत्र्यांपेक्षा पिल्लांना गाडी जास्त लागते आणि साधारण वर्षाचं होईपर्यंत अनेकांचा त्रास ओसरतो. पण वाट बघत बसणं मला पटत नाही. कान सुधारेल, मन मात्र तोवर गाडीला घाबरायला शिकलेलं असेल. पिल्लाचे सुरुवातीचे प्रवास लहान आणि सुखाचे करणं हीच पुढच्या कित्येक वर्षांची सोय आहे. लशींसाठी डॉक्टरांकडे जाणं एवढाच त्याचा गाडीशी संबंध राहिला, तर गाडी त्याला आवडण्याचं काही कारणच उरत नाही.

आमच्या मोठ्या कुत्र्याला कधीच गाडी लागत नव्हती. आताच का लागायला लागली?

हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. कानाच्या आतला संसर्ग, म्हातारपणी अचानक होणारा तोलाचा विकार, पोटाचं दुखणं किंवा सांधेदुखीमुळे गाडीत बसणंच त्रासाचं होणं, यांपैकी काहीही असू शकतं. मान एका बाजूला कलती राहणं, चालताना झोक जाणं, डोळ्यांची बुबुळं आपोआप डावी-उजवीकडे हलत राहणं, कान सारखा खाजवणं, यांतलं काही दिसलं तर प्रवास बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या.

प्रवासाला अजून महिना-दीड महिना आहे. तयारी कशी करावी?

एवढा वेळ हाताशी असेल तर खूप काही होऊ शकतं. पहिलं काम म्हणजे पशुवैद्यांची भेट. कुत्र्याला जोरात गाडी लागत असेल, तर सरावाच्या फेऱ्याही औषधाच्या आधाराने करायच्या का, हे त्यांना विचारा. मळमळ न होता झालेल्या काही फेऱ्या मनावरचा जुना ठसा पुसायला फार मदत करतात.

मग उभ्या गाडीपासून सुरुवात करा. इंजिन बंद, दोन्ही बाजूंची दारं उघडी, घाई नाही. त्याची रोजची चादर सीटवर अंथरा. आत यायचं की नाही हे त्याला ठरवू द्या; पुढचे दोन पंजे ठेवून वास घेऊन तो परत गेला तरी त्या दिवशी तेवढं पुरे. आत येऊन बसायला लागला की तिथेच त्याला आवडीचं खेळणं किंवा खाऊ द्या. त्यानंतर दार बंद करून बसणं, मग इंजिन चालू करून जागेवरच थांबणं, मग गाडी नुसती थोडी पुढे-मागे घेणं, मग कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणं. हे सगळं रिकाम्या किंवा जवळपास रिकाम्या पोटी करा आणि हलत्या गाडीत खाऊ भरवू नका. शाबासकीचा तुकडा गाडी थांबल्यावर.

पुढच्या पायरीवर कधी जायचं हे कॅलेंडर सांगणार नाही, त्याचं अंग सांगेल. सैलावलेला कुत्रा एका कुशीवर भार टाकून बसतो, मागचा पाय बाजूला निघालेला असतो, तोंड किंचित उघडं आणि कान आपल्या नेहमीच्या जागी असतात. चारही पायांवर अंग तोलून, पंजे सीटमध्ये रुतवून उभा असेल, तर हातातून खाऊ घेत असला तरी तो तयार नाही. अशा वेळी एक पायरी मागे यावं.

फेऱ्या थोड्या वाढल्या की त्यांचा शेवट त्याच्या आवडीच्या ठिकाणी करा. मोकळं मैदान, पाण्याचा काठ, ओळखीचं माणूस, काहीही चालेल. रोज थोडं केलेलं आठवड्यातून एकदा खूप केल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. पिंजऱ्यातून न्यायचं असेल तर पिंजऱ्याची सवय आधी घरातच लावा. नवा पिंजरा आणि चालती गाडी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी त्याच्यावर लादू नयेत.

प्रवास परवावर आला आहे आणि आम्ही काहीच तयारी केलेली नाही. आता?

मग सरावाचा विचार सोडा. दोन दिवसांत घाईने केलेला सराव भीती वाढवतो. पशुवैद्यांना आजच फोन करून औषधाचं विचारा, निघण्याआधीच्या जेवणाची वेळ ठरवा, सीट आणि हवेची सोय करा आणि प्रवासाला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ धरा. शक्य असेल तर उन्हाची आणि गर्दीची वेळ टाळून पहाटे निघा.

निघण्याआधी किती तास उपाशी ठेवावं?

मोठ्या, निरोगी कुत्र्याचं शेवटचं जेवण निघण्याच्या किमान ४ ते ६ तास आधी झालेलं असावं. पहाटे निघणार असाल तर रात्रीचं जेवण थोडं लवकर आणि हलकं द्या, सकाळचं वगळा. त्यामुळे मळमळ थांबेलच असं नाही, पण उलटी झाली तरी कमी होते आणि श्वासनलिकेत अन्न जाण्याचा धोका घटतो.

काही कुत्र्यांना मात्र पोट अगदी रिकामं असलं की पिवळं पित्त ओकायची सवय असते. त्यांना निघण्याआधी त्यांच्याच कोरड्या खाद्याचे चार दाणे दिलेले बरे पडतात. लहान पिल्लं आणि अगदी छोट्या जातींचे कुत्रे फार वेळ उपाशी राहिले तर रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते. मधुमेही कुत्र्याचं जेवण आणि इन्सुलिन एकमेकांशी बांधलेलं असतं. या तिन्ही बाबतींत उपाशी ठेवण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पाणी बंद करू नका. भांडं भरून एकदम पाजू नका, एवढंच. दर थांब्यावर थोडं थोडं द्यावं.

कुत्र्याला देता येईल असं औषध आहे का?

आहे, आणि ते चांगलं आहे. मॅरोपिटंट हे कुत्र्यांच्या उलटीवरचं औषध गाडी लागण्यासाठीही दिलं जातं. मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला ज्या रसायनातून इशारा मिळतो, त्याचा मार्ग ते अडवतं. त्याने सहसा गुंगी येत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. चिठ्ठीशिवाय घेण्याचं हे औषध नाही. गाडी लागण्यासाठी ते १६ आठवड्यांपेक्षा मोठ्या कुत्र्यांना देतात, प्रवासाच्या १ ते २ तास आधी देतात आणि या कारणासाठी सलग २ दिवसांपेक्षा जास्त देत नाहीत. गोळी अगदी उपाशीपोटी दिली तर तीच उलटून पडू शकते, म्हणून खाद्याच्या छोट्याशा घासाबरोबर द्यायची; पण तेलकट, तुपकट घासात गच्च गुंडाळू नका, ती विरघळायला उशीर लागतो.

इथे एक चूक सहज होऊ शकते. गाडी लागण्यासाठी लागणारी मात्रा नेहमीच्या उलटीच्या मात्रेच्या सुमारे चौपट असते. मागच्या वेळी पोट बिघडलं तेव्हाची उरलेली गोळी अंदाजाने दिली, तर गुण येणार नाही आणि औषध निकामी आहे असा गैरसमज मात्र होईल. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच ठरवू द्या.

उलटी थांबली तरी लाळ आणि ओठ चाटणं काही कुत्र्यांत सुरूच राहतं. म्हणजे मळमळ अजून आहे. तेही डॉक्टरांना सांगा. औषध बदलता येतं, जोडीला दुसरं देता येतं.

माणसांची गाडी लागण्याची गोळी दिली तर चालते का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. माणसांच्या काही जुन्या गोळ्या, म्हणजे डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिनसारखी औषधं, पशुवैद्य कुत्र्यांसाठीही लिहून देतात हे खरं. पण काचबिंदू, झटके, लघवी अडणं असे त्रास असलेल्या कुत्र्यांना ती बाधू शकतात आणि मात्रा चुकली तर हाल होतात. शिवाय दुकानातल्या गोळीत किंवा सिरपमध्ये नुसतं तेवढंच औषध असेल याचा भरवसा नाही. झायलिटॉल ही गोडी आणणारी वस्तू काही चघळायच्या गोळ्यांत आणि सिरपमध्ये असते, ती कुत्र्यांसाठी विष आहे. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिनही तसंच. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल तर प्रवासाच्या पिशवीत त्याच्या तोंडाला येतील अशा जागी ठेवूसुद्धा नका.

कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरांमध्ये एमडीआर१ नावाच्या जनुकातला एक बदल बऱ्याचदा आढळतो. अशा कुत्र्यांना काही औषधं नेहमीच्या मात्रेतही जड जातात. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी त्यातलीच. या जातीचा कुत्रा असेल तर डॉक्टरांना आधी आठवण करून द्या.

मग सरळ झोपेचं औषध देऊन झोपवून नेलं तर?

नुसत्या गुंगीच्या मी विरोधात आहे. ॲसेप्रोमाझिनसारख्या औषधाने अंग ढिलं पडतं, पण मनातली भीती कमी होतेच असं नाही. बाहेरून शांत दिसणारा कुत्रा आतून घाबरलेलाच राहू शकतो. दुसरं म्हणजे गुंगीत असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, पग, बुलडॉग, पेकिनीज यांना, श्वासाचा त्रास मुळातच असतो, तो गुंगीने वाढतो.

खूप घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखी चिंता कमी करणारी औषधं पशुवैद्य देतात आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. मात्र पहिली मात्रा प्रवासाच्या दिवशी देऊ नका. ती घरी, सुटीच्या दिवशी, डॉक्टरांच्या सल्ल्याने देऊन बघा. किती वेळाने परिणाम होतो, किती टिकतो, चाल लडखडते का, हे आधी कळलेलं बरं.

आलं, लॅव्हेंडर, फेरोमोन यांचा उपयोग होतो का?

थोडा, काहींना. आल्याचा माणसांच्या मळमळीवर उपयोग होतो, पण कुत्र्यांच्या बाबतीत त्यावर विसंबून लांबचा प्रवास करावा एवढा भक्कम पुरावा नाही. कुत्र्याला रक्तस्रावाचा विकार असेल किंवा शस्त्रक्रिया जवळ आली असेल तर आलं टाळाच.

लॅव्हेंडरच्या वासाबद्दल २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीत अस्वस्थ होणारे ३२ कुत्रे त्या वासात जास्त वेळ शांत बसले, कमी भुंकले. हा उपाय चळवळ्या कुत्र्याला शांत करण्याचा आहे, मळमळीचा नाही. शिवाय कुत्र्याचं नाक फार तीक्ष्ण असतं, त्यामुळे वास जेमतेम जाणवेल एवढाच हवा आणि काच थोडी उघडी हवी. कोणतंही सुगंधी तेल त्याच्या अंगाला किंवा पट्ट्याला चोळू नका. टी ट्री ऑइल तर विषारीच. गाडीतली नेहमीची भडक सुगंधी डबी मात्र निघण्याआधी काढून टाका. त्या वासाने माणसांनाही मळमळतं.

दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या अंगातून पिल्लांना आश्वस्त करणारा जो गंध येतो, तो एक फेरोमोन. त्याची कृत्रिम नक्कल स्प्रे किंवा गळपट्ट्याच्या रूपात मिळते. ती निरुपद्रवी आहे. इतर उपायांच्या जोडीला वापरायला हरकत नाही.

गाडीत त्याला कुठे बसवावं?

मागच्या सीटवर, शक्यतो मधोमध. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात उसळी सगळ्यांत कमी जाणवते; डिकीत, मागच्या चाकांच्या वर बसलेल्या कुत्र्याला प्रत्येक खड्डा पुरेपूर लागतो. मोठ्या कुत्र्याचा पिंजरा डिकीतच बसत असेल तर खाली जाड, न घसरणारी गादी घाला आणि पिंजरा पट्ट्यांनी घट्ट बांधा. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, ती फुगली तर कुत्र्याचा जीव जाऊ शकतो.

मोकळा सोडू नका. छातीचा हार्नेस घालून तो सीटबेल्टला अडकवा. गळपट्ट्याला कधीच नाही, कारण जोरात ब्रेक लागला तर सगळा हिसका मानेवर येतो. बांधलेल्या कुत्र्याचं अंगही कमी हेलकावतं, मळमळही कमी होते. तोंडाला जाळी किंवा मुसकं बांधून प्रवास करू नका. उलटी आली तर ती बाहेर पडायला वाट राहत नाही.

बाहेर दिसू द्यावं की झाकावं, याचं एकच उत्तर नाही. काहींना समोरचा रस्ता दिसला की बरं वाटतं. काहींना बाजूच्या खिडकीतून झरझर मागे पळणारी झाडं, गाड्या बघूनच ढवळतं. एका फेरीत बाजूच्या काचांना पडदे लावा, दुसऱ्या फेरीत काढा आणि फरक बघा.

काच उघडी ठेवावी का?

दोन-तीन बोटं उघडी ठेवावी. ताज्या हवेने बरं वाटतं, आतला वास निघून जातो. गाडी थंडच ठेवा, उकाड्यात मळमळ लवकर चढते. डोकं बाहेर काढू देऊ नका. धूळ, खडे, किडे डोळ्यांत जातात आणि शेजारून जाणारं वाहन किती जवळ येईल याचा नेम नसतो.

चालवणाऱ्याने काय सांभाळावं?

माझ्या मते औषधाखालोखाल सगळ्यांत मोठा फरक चालवणाऱ्याच्या पायाने पडतो. कुत्र्याला धरायला हात नाहीत, पुढे वळण आहे हे त्याला आधी कळत नाही. ब्रेक लांबून आणि हळूहळू दाबा, वळणात शिरण्याआधीच वेग कमी करा, गतिरोधकावरून सावकाश जा. पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवलंत तर वेग सारखा कमी-जास्त करावा लागत नाही. घाटाचा जवळचा रस्ता आणि सरळ पण लांबचा रस्ता यांत निवड असेल तर लांबचा घ्या.

किती वेळाने थांबावं?

साधारण दर दोन तासांनी, पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा असेल तर त्याआधीही. आधी सांगितलेल्या खुणा दिसल्या तर घड्याळ न बघता सुरक्षित जागा मिळताच थांबा. पाय जमिनीला टेकले, पाचेक मिनिटं सावकाश फिरला की मेंदूतला गोंधळ निवळतो. दार उघडण्याआधी साखळी हातात घट्ट धरलेली असू द्या. मळमळलेला, बावरलेला कुत्रा अनोळखी जागी उडी मारून पळू शकतो, म्हणून गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्लाही हवाच.

वाटेत ओकलाच तर?

आवाज चढवू नका, कपाळाला हात लावू नका. त्याला काही कळत नसतं असं नाही. गाडी बाजूला घ्या, त्याला उतरवा, तोंड पुसा, फिरवा. आवंढे गिळणं थांबलं की थोडं पाणी द्या, खायला लगेच नको. सीटवर आधीच पाणी न झिरपणारं कापड आणि त्यावर जुने टॉवेल एकावर एक घातलेले असले, तर वरचा उचलून पिशवीत बांधला की झालं. उलटीचा वास मागे राहिला तर पुढची मळमळ लवकर येते. घरी पोचल्यावर एन्झाइमयुक्त क्लीनरने साफ करा, नुसता सुगंध मारून वास त्याच्या नाकाला लपत नाही.

जेवायला थांबलो तर काच थोडी उघडी ठेवून त्याला गाडीत ठेवलं तर चालेल?

नाही. बाहेर २१ अंश सेल्सिअस इतकी सुखद हवा असली तरी उन्हातल्या बंद गाडीत १० मिनिटांत सुमारे ३२ आणि अर्ध्या तासात सुमारे ४० अंश होतात. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेला कुत्रा उष्माघाताला आणखी लवकर बळी पडतो. आळीपाळीने जेवा, एकाने त्याच्यासोबत बाहेर सावलीत थांबा.

कोणत्या खुणा दिसल्या तर प्रवास थांबवून थेट डॉक्टर गाठायचे?

गाडी थांबवून, फिरवूनही उलट्या काही तासांत थांबत नसतील, उलटीत रक्त असेल, हिरड्या पांढुरक्या किंवा चिकट-कोरड्या लागत असतील, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर पटकन जागेवर जात नसेल, कुत्रा लोळागोळा होऊन पडला असेल, तर थांबू नका. धापा आणि लाळ यांच्या जोडीला अंग तापलेलं असेल आणि चाल भरकटत असेल, तर उष्माघाताचा विचार करा. साध्या गार पाण्याने भिजवत, वारा घालत त्याला न्या.

आणि हे विशेष लक्षात ठेवा: पोट फुगून टणक झालंय, कुत्रा पुन्हा पुन्हा ओकारी काढतोय पण बाहेर काहीच येत नाही, तर ही गाडी लागलेली नाही. पोटात हवा भरून जठराला पीळ पडल्याची ती खूण असू शकते. मोठ्या, खोल छातीच्या जातींत, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डोबरमन अशांमध्ये हे जास्त होतं आणि काही तासांत जीव जातो. म्हणून निघण्याआधी वाटेवरच्या आणि मुक्कामाच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचे नंबर टिपून ठेवा.

पोचल्यावर लगेच जेवायला द्यावं का?

थोडं थांबा. आधी पाणी, थोडं थोडं. मग शांत जागा, त्याची चादर. तासाभराने तो आपणहून भांड्याकडे बघायला लागला की नेहमीच्याच अन्नाचा निम्मा वाटा द्या. नव्या जागी नवं अन्न देण्याची ही वेळ नाही. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं तर गाडीमुळे की खाण्यामुळे हेच कळणार नाही.

परतीच्या प्रवासाचं काय?

जाताना त्रास झाला असेल तर येताना तो गाडीकडे आणखी संशयाने बघणार. मुक्कामात रोज उभ्या गाडीत काही मिनिटं बसा, एखादी छोटी फेरी मारून चांगल्या ठिकाणी उतरवा. जाताना तो कितव्या तासाला बिघडला, त्याआधी काय खाल्लं होतं, रस्ता कसा होता, गोळी किती वाजता दिली होती, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि परतीचे थांबे, गोळीची वेळ त्यावरून डॉक्टरांशी बोलून ठरवा. लांबचा टप्पा दोनपेक्षा जास्त दिवसांचा असेल तर मॅरोपिटंटच्या दिवसांचा हिशोब आधीच मांडावा लागतो, मध्ये मुक्काम घ्यावा लागू शकतो. परतीच्या गोळ्या मात्र घरून निघतानाच मोजून घ्या.